सशाचा वाटा

१६ जून १९७४, रविवार

कागद मिळाला. शिक्क्याचा, सहीचा, तारखेचा कागद. माळावरचं बारा एकर गायरान या एका हंगामापुरतं बौद्धवाड्यातल्या चौदा बायकांच्या मंडळाकडे आलं. दिवाळीच्या आधी चारा विभागाचे साहेब पाहणीला येणार. गवत सुधारलेलं दिसलं तर पुढची पाच वर्षं जमीन मंडळाकडेच राहील. नाही दिसलं तर दरसालाप्रमाणे गवताचा हर्रास होईल, आणि हर्रास म्हणजे दिनकरराव. अकरा वर्षं बोली त्यांच्याच नावावर सुटते. मग आमच्या बायकांनी सरकारी माळावरचं गवत त्यांना विचारून कापायचं, निम्मं त्यांच्या गोठ्यात टाकायचं आणि उरलेला भारा डोक्यावर घेऊन पालमचा बाजार गाठायचा.

संध्याकाळी विहारासमोर सभा घेतली. पाऊण तास बोललो. रोमचे गुलाम आले, वेठबिगार आली, फ्रान्सची क्रांती आली. टाळ्या चांगल्या पडल्या. माय सगळ्यात मागं भिंतीला टेकून बसली होती. सभा उठल्यावर विचारलं, "माय, कसं झालं?"

"चांगलं झालं बाबा. पर गवत कुठं आलं त्यात?"

माझी बायको कुसुम पदराआड हसली. मीही हसलो, पण बोच राहिली. बाहेर बोलणार नाही, इथं लिहून ठेवतो: मला गवतातलं काही कळत नाही. मायनं तीस वर्षं भारे वाहिले आणि त्या भाऱ्यांवर मी मास्तर झालो, पण तिनं मला कधी विळ्याला हात लावू दिला नाही. लहानपणी तिच्या मागं माळावर गेलो की हातातला विळा काढून घ्यायची आणि म्हणायची, "तू पुस्तक धर." धरलं. अडतीस वर्षांचा झालो, एक पेंढी कापलेली नाही.

उद्यापासून गवताचा अभ्यास.

३० जून

पाऊस लागला. बायकांनी माळाला बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गुरं बंद. मारवेल गवताचे जुने ठोंब हिरवे व्हायला लागलेत.

परभणीहून चाऱ्यावरची पुस्तिका मागवली होती, ती आली. पहिल्या बैठकीतच हवं ते वाक्य सापडलं: कोवळ्या गवतात प्रथिनं पिकलेल्या गवताच्या दुपटीहून अधिक असतात. तांबड्या पेन्सिलीनं खाली रेघ मारली. म्हणजे गवत पिकेपर्यंत वाट बघणं हीच आमची पिढ्यान्पिढ्यांची चूक! कोवळं कापायचं, पुन्हा पुन्हा कापायचं. जनावराला सत्त्व, बायकांना रोजचा भारा. मला वाक्यच दिसायला लागलं: "गवताला म्हातारं होऊ देऊ नका!" सभेत हे चालेल.

पुस्तिका कुसुमला दाखवली. सातवी पास आहे, वाचते बारकाईनं. भाकरी थापून झाल्यावर कंदिलाशी बसून सगळी वाचली. म्हणाली, "पुढचं पान वाचलाव का तुमी? मी काय म्हनते—"

वाचीन म्हणालो. मुद्दा मिळाला होता.

४ ऑगस्ट, रविवार

पहिली कापणी. मारवेल कमरेला लागत होतं. चौदा बायका ओळीनं बसल्या आणि विळ्यांचा खसखस आवाज सुरू झाला. मी बांधावर उभा राहून मोजणी केली. एकसष्ट भारे!

मायशी एक वाद झाला. ती प्रत्येक ठोंब वर धरून कापत होती, खाली चार बोटं सोडत होती. मी म्हणालो, "माय, हे खाली कशाला टाकायलीस? चार बोटं गुणिले बारा एकर किती होतात, हिशेब केलास?"

"हिशोब न्हाई केला. बूड राखावं लागतंय, बाबा. गवत—"

"बूड राखायचं ही जुनी कास्तकारी झाली. विळा जमिनीला लागू दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग विळ्याकडं, आणि विळा खाली नेला. मला वाटलं होतं जास्त वाद घालील.

परतताना चावडीपुढं दिनकरराव पानाची पिंक टाकून म्हणाले, "काय गुरुजी, भाषण करून करून गवत वाढिवलं म्हणायचं! आता पुढल्या साली भेटू हर्रासाला."

वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. मी थांबलो. "दिनकरराव, दर पंधरा दिवसांनी इतकेच भारे याच चावडीवरून जाताना दाखवीन. मोजायला बसा."

"शब्द?"

"शब्द."

बायका भारे डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. माझ्या या बोलण्यावर टाळ्या व्हायला हव्या होत्या. पण चांगुणाबाई मायकडं बघत होती, आणि माय खाली जमिनीकडं.

१८ ऑगस्ट, रविवार

आज मन खट्टू आहे. मायला दुखवलं.

दुसरी कापणी चालू होती. माळाच्या वरच्या अंगाला, दगडाजवळ, बायकांनी एक पट्टा तसाच सोडलेला दिसला. चाळीसेक पावलं लांब. विळा सगळीकडं फिरला आणि त्या पट्ट्याला वळसा घालून पुढं गेला. विचारलं तर बायनाबाई म्हणाली, "त्यो सशाचा वाटा हाय. त्याला इळा लावायचा न्हाई."

आणि तो दगड कुठला? लहानपणी त्याला शेंदूर असायचा. माझ्या डोक्यात एकदम भडका उडाला. सगळ्यांसमोर म्हणालो, "माय, छप्पन साली आपण दीक्षा घेतली. देव सोडले. अन् अठरा वर्षांनी तू त्या दगडाला गवताचा निवद दाखवायलीस?"

माय उभी राहिली. "पंडित, छप्पन साली घरातले देव मी माझ्या हातानं गंगंत टाकले. तवा तू परभणीला शिकायला व्हतास. हे देवाचं न्हाई. हे बी—"

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. ससा असो की म्हसोबा, वाटा काढून ठेवणं ही वृत्तीच गुलामीची आहे, असं मी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. मग पट्टा कापून घेतला. मायनं स्वतः कापला, बुडापासून, माझ्याकडं न बघता.

भारे अठ्ठावन्न झाले. एकसष्टाला तीन कमी, पाऊस लांबल्याने असेल.

रात्री जेवताना माय म्हणाली, "जेव की रं. रागानं पोट भरत न्हाई." राग तिला यायला हवा होता, वाढत तीच होती.

२ सप्टेंबर

वर्षावास चालू आहे, धम्मप्रवचनांचे पावसाळी तीन महिने. रविवारी सगळीकडं व्याख्यानं: गंगाखेड, झरी, मग परभणी. माळावर जायला सवड होत नाही. पण शाळा सुटली की भारे विहारासमोर येतात, मी मोजतो आणि वहीत मांडतो. आज साठ! तिसऱ्या कापणीत साठ! भारे मुद्दाम चावडीवरून नेले. दिनकररावांनी पान तोंडातच धरलं.

दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. एक, चांगुणाबाईची गाय तीन दिवस ढाळतेय. ती म्हणते, नुसतं कोवळं खाऊन. "गुरजी, तिला कडबा दिल्याबिगर शेण बसंना. तुमचं प्रथिन लय पातळ हाय." बायका हसून बेजार. दुसरी, भाऱ्यात लव्हाळा बराच येतो आणि एक निळ्या फुलाची वेलही. माळावर ही फुलं कधी पाहिली नव्हती. कुंपणामुळं नव्या वनस्पती उगवल्या असाव्यात. निसर्गाला मोकळीक दिली की असं होतं.

माय उशिरा आली. पायाला पोटरीपर्यंत पांढरट गाळ. आमच्या माळाची माती काळी. नाल्यातून आली असेल.

नाल्यापलीकडचे तीनेक एकर मी हिशेबातून काढून टाकलेत. तिकडं काटे फार आणि साप आहेत. कुसुमनं दोनदा बजावलं, "तिकडं जाऊ नका. हातभर नाग बघितलाय बायनाबाईनं." हजारोंच्या सभेत गुंडांनी दगड मारले तेव्हा मी व्यासपीठ सोडलं नाही. पण साप ही वेगळी गोष्ट आहे. हे या वहीपलीकडं जाऊ नये.

१५ सप्टेंबर, रविवार

अनंतराव साहेबांचं पत्र! पाहणीला येणार आहेत ते हेच चारा विभागाचे. दर कापणीचे आकडे मी त्यांना टपालानं पाठवतो. लिहितात: "तुमचे आकडे आमच्या समजुतीच्या विरुद्ध आहेत, म्हणूनच मोलाचे वाटतात. माळावरच्या गवतानं इतक्या जवळच्या कापण्या सोसल्या असतील तर पुढल्या हंगामात ही पद्धत झरीच्या महिला मंडळालाही सांगावी म्हणतो."

मोठ्यानं वाचून दाखवलं. मायच्या हाताखालचं जातं थांबलं. कुसुमचा चेहरा उतरला. डोकं दुखतंय म्हणाली. तिला सुंठ उगाळून दिली.

"झरीच्या बायकांनी बी असंच करायचं का?" मायनं विचारलं.

"का नाही? आपल्यापासून शिकतील."

माय म्हणाली, "त्यांच्याजवळ गंगा न्हाई."

याचा अर्थ मला लागला नाही. झरीला गोदावरी नाही, पण विहिरी आहेत.

२९ सप्टेंबर, रविवार

व्याख्यानाला जाताना वाटेत माळावर डोकावलो. कुसुमनं आठवडाभर धोशा लावला होता: "येकदा नीट बघून या. मी काय म्हनते ते तुमी—" एस.टी. चुकेल म्हणून कुंपणाबाहेरूनच पाहिलं. गवत बुटकं आहे, वीतभरही नाही, पण कोवळं, पोपटी. मध्ये मध्ये जमीन उघडी दिसते. कापणीनंतर ठोंब विश्रांती घेत असावेत. कुसळी बरीच वाढलेली दिसली, जनावरं तोंड लावत नाहीत ते गवत. तिला कोणी बोलावलं कळत नाही.

मनात क्षणभर पाल चुकचुकली. वीतभर गवतातून साठ भारे?

पण आकडे माझ्या हातचे आहेत. मी स्वतः मोजलेत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रात्र फार झालीय. तरी आजच लिहायला हवं.

दुपारी शाळेत निरोप आला. चांगुणाबाई बैलगाडीतून मायला घेऊन आली होती. माय गंगेच्या दरडीवरून भाऱ्यासकट घसरली. घोटा टरारून सुजलाय. हाडवैद्य बघून गेला. मोडलं नाही, मुरगळलंय. महिनाभर पाय टेकायचा नाही.

"गंगेला काय करायला गेली होती?" मी विचारलं.

"आंघुळीला," माय म्हणाली.

"डोक्यावर भारा घेऊन?"

कुसुम मायच्या घोट्याला हळदीचा लेप लावत होती, ती मान वर करीना. शेवटी चांगुणाबाईनं कपाळावर हात मारला.

"गुरजी, तुमी लय शिकलेलं मानूस. पर तुमच्या माळावर आता सशाला दात कोराया काडी न्हाई. आवो, तिसऱ्या कापनीलाच तिथं वीस भारे निघंनात. तवापसून दोन कोस गंगंला जायलाव आमी. लव्हाळा म्हनू नका, दरडीचं गवत म्हनू नका, घावंल ते आनून तुमचे साठ भरायलाव. पोरी पान्यात उतरत्यात. ही म्हातारी सगळ्यात म्होरं."

"पण का? मला सांगायचं ना!"

"सांगायचं?" चांगुणाबाई हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्या बोलन्यात फट कुठं व्हती आमाला शिरायला?"

माय म्हणाली, "चांगुणे, गप. जा घरी."

"जाते. पर ऐका गुरजी. चावडीम्होरं तुमी दिनकररावाला शब्द दिलाव त्याच दिशी ही आमाला म्हनली, माझ्या लेकाचा शब्द भुईवर पडू द्यायचा न्हाई. मी म्हनलं, सरजे, लेकाचा शब्द लय जड हाय. तर म्हनती, तीस वरसं भारे वाहिलेत, आजून येक."

ती गेली. मी मायच्या पायाशी बसलो. मला बोलता येईना. मला!

माय म्हणाली, "आरं, येवढं काय त्यात. लेकराची सावली बी जपावी लागती, शब्द तर शब्द हाय."

२० ऑक्टोबर, रविवार

परभणीचं व्याख्यान रद्द केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

कुसुमबरोबर माळावर गेलो. खाली बसलो. आजवर मी या माळावर उभाच राहिलो होतो. एक ठोंब दोन बोटांत धरून ओढला, तो मुळासकट हातात आला. मुळं बोटभर, काळी पडलेली. दुसरा ओढला, तोही आला. नऊ एकर असंच. मधल्या उघड्या जागी कुसळी माजलेली.

"आता नाल्यापल्याड चला," कुसुम म्हणाली.

"साप—"

"साप न्हाई. कवाच नव्हता. तुमी तिकडं जाऊ नये म्हनून सासूबाईंनी सोडलेला साप हाय त्यो."

तरी ती काठी आपटत पुढं चालली, कारण ती मला ओळखते. नाला उतरलो, बाभळी ओलांडल्या, आणि समोर पाहिलं.

छातीला लागणारं मारवेल. तुऱ्यांवर बी. वाऱ्यानं सगळं एका अंगावर कलत होतं. पुढं जिन्यासारखे पट्टे दिसले: एक एकदाच कापून पुन्हा मांडीपर्यंत आलेला, एक दोनदा कापून गुडघ्याला लागलेला, आणि शेवटी न कापलेला उंच पट्टा. सगळ्यांचं बूड चार बोटं राखलेलं. मी एक ठोंब दोन्ही हातांनी ओढला. हात सोलले, ठोंब हलला नाही.

घरी येऊन मायजवळ बसलो. म्हणालो, "त्या दिवशी बी म्हणून तू थांबलीस. पुढं काय होतं? मी एक अक्षर बोलणार नाही."

माय हसली. "बघू किती येळ जमतंय ते."

मग तिनं सांगितलं. "कापलं की गवताला पान न्हाई ऱ्हात. तवा ते बुडात ठिवलेली शिदोरी खातंय अन् नवं पान काढतंय. पान मोठं झालं की परत बुडाला देतंय. तू दिऊ देतच न्हाईस. पंधरा दिसाला इळा. खाईल काय? अन् खाली बूड बी कापायचं म्हनलास, मंग शिदोरी ठिवायला गाठोडंच न्हाई. तुऱ्यावर येऊ लागलं की कापावं, तवा भारा बी भरतोय अन् जनावर बी नीट खातंय. लय कोवळं ढाळतंय, लय पिकलं की नुसतं काड. अन् येक पट्टा सोडायचा. त्याचं बी गळतंय, वाऱ्यानं माळभर जातंय. माझी आजी म्हनायची त्यो सशाचा वाटा, म्हंजी पोरं हात लावत न्हाईत. सशाचं नाव, वाटा माळाचाच."

मी खरंच एक अक्षर बोललो नाही. मग कुसुमनं पुस्तिका आणून पुढ्यात ठेवली, तांबड्या रेघेच्या पुढच्या पानावर उघडून. तिथं तेच होतं, छापील मराठीत: वारंवार व बुडापासून कापल्यास मुळांतील साठा संपतो, उत्पन्न घटते, निकृष्ट गवते माजतात. दुसरी कापणी दीड महिन्यानंतर. बियाण्यासाठी काही भाग राखावा.

"जूनपसून हेच म्हनायला लागले व्हते मी," ती म्हणाली.

२२ ऑक्टोबर

दोन दिवस मनात चोर शिरलाय. लिहून टाकतो म्हणजे तो दिसेल.

पाहणी पाच नोव्हेंबरला आहे. साहेबांना आधी नाल्यापलीकडं नेलं, छातीएवढं गवत दाखवलं आणि आकड्यांची वही पुढं केली, तर पाच वर्षं जमीन आपली. नऊ एकरांचं काय सांगायचं? गुरं घुसली, कुंपण तोडलं. दिनकररावांचं नाव घेतलं तर लोक विश्वासही ठेवतील.

चौदा बायकांची जमीन आहे. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना का? खरं सांगणं हा माझा अहंकारच तर नाही?

कुसुमला विचारलं. या वेळी वाट पाहिली, पुरती. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग झरीच्या बाया पंधरा दिसाला कापतील. तुमचे आकडे बघून. त्यांच्याजवळ गंगा न्हाई."

आत्ता अर्थ लागला.

२३ ऑक्टोबर

सकाळी पत्र टाकलं. सगळं लिहिलं, भाऱ्यांतल्या लव्हाळ्यासकट. चौदा जणींना आधी बसवून वाचून दाखवलं. जमीन त्यांची आहे, पत्र त्यांना विचारल्याशिवाय जाणार नव्हतं. बायनाबाई म्हणाली, "गेली तर जाईल. गंगा कुठं जायलीय?" पण कोणी हसलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

अनंतराव साहेब एस.टी.नं आले. किडकिडीत माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत हातकुदळ. दिनकरराव चार माणसं घेऊन आधीच माळावर हजर. नऊ एकर बघून त्यांचा चेहरा सणासारखा उजळला होता.

"साहेब, हे बघा गुरुजींचं पंधरवडी शास्त्र! अन् चावडीवरून भारे जायचे ते काय आभाळातनं पडायचे?"

मायला खाटेवर घालून आणलं होतं. सगळं गाव जमलं होतं. मी पुढं झालो. रात्रभर भाषण रचलं होतं. सॉक्रेटिस होता त्यात. सगळं विसरलो.

म्हणालो, "नऊ एकर मी मारलं. मायचं ऐकलं नाही. भारे गंगेवरून आणलेले होते, मला आकडे खरे वाटावेत म्हणून. दिनकरराव, शब्द माझा पडला. नाल्यापलीकडचे तीन एकर या बायकांनी जगवलेत, माझ्यापासून लपवून."

आणि थांबलो.

दिनकरराव म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

त्यांना काही तरी बोलायचं होतं, पण माझं बोलणं इतक्यात संपेल याची त्यांची तयारी नव्हती.

साहेबांनी दोन्हीकडचे ठोंब खणले. एका हातात माझा, बोटभर मुळाचा. दुसऱ्या हातात मायचा, हातभर मुळांचा झुबका, माती धरून बसलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मग खाटेजवळ उकिडवे बसून मायला विचारलं, "आजीबाई, हे कधी कापायचं हे तुम्हाला कसं कळतं?"

"तुरा पोटात आला की गवत जड होतंय, साहेब. वाऱ्याला लवकर वळत न्हाई. बाईला दिस गेल्यावानी."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. जसंच्या तसं.

शेवटी म्हणाले, "पाच वर्षांची शिफारस मी करू शकत नाही. नऊ एकर उघडी आहेत. पण हर्रासही नको. दोन पावसाळे मंडळाकडेच राहू द्या. पहिल्या वर्षी या नऊ एकरांना विळा लावायचा नाही, बी पडू द्यायचं, पलीकडचं बी आणून इथं टाकायचं. मग पुन्हा बघू. कागदावर एक नाव लागेल, कापणी कोण ठरवणार त्याचं."

लेखणी सवयीनं माझ्याकडं आली. कागदावर माझ्या 'पंडित' या नावाचा 'प' लिहून झाला होता. खोडला. मायचं नाव लिहिलं, सरजाबाई. साहेबांनी शाईची डबी पुढं केली.

मायनं अंगठा पुढं केला, मग मागं घेतला. "पंडित, यातलं सगळं वाचून दाखव. मधलं सोडू नको."

वाचलं. मधलं सोडलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या सुट्ट्या. माय काठी टेकत चालायला लागली. नाल्यापलीकडचं बी गळून झालंय. आता वाळल्या गवताची कापणी. सशाचा वाटा सोडून. गळण्याआधी झोडून घेतलेल्या बियांच्या सहा पिशव्या आम्ही नऊ एकरांवर उधळल्या. कुसुमच्या पिशवीतलं बी माझ्या डोक्यावर पडलं, बायनाबाई म्हणाली, "तिथं बी उगवू द्या काई तरी."

मायनं मला हाक मारली. हातात तिचा विळा होता, मूठ झिजून तिच्या बोटांच्या आकाराची झालेली.

"धर."

"माय, तूच तर म्हणायचीस, पुस्तक धर."

"धरलास की. झालं. आता हे धर."

ओळीत बसलो. चांगुणाबाई बाजूला सरकली आणि पोरींना म्हणाली, "पाय आखडा गं, गुरजी कापायला लागलेत." मी ठोंब मुठीत धरला, विळा लावला. तो आपोआप खाली जात होता. जमिनीशी, बुडापाशी.

माय माझ्यासमोर बसली, काठी बाजूला ठेवली आणि आपला हात जमिनीवर, ठोंबाच्या बुडाशी ठेवला. चार बोटं, एकावर एक. काळी, चिरा पडलेली, नखं तुटलेली.

"आता काप," ती म्हणाली. "ह्याच्या वर."

विळा वर आला. पुढच्या ठोंबाशी तिनं पुन्हा हात ठेवला. मी पुन्हा वर कापलं. दुपारपर्यंत असंच चाललं. ती पुढं सरकत होती, मी तिच्या बोटांच्या वरून कापत होतो.

एक भारा झाला. वाकडा बांधला गेला. चावडीवरून मीच डोक्यावर नेला.